दुसऱ्या दुधाच्या चार पट्ट्या

मानांग बिसिंगच्या हातची पट्टी वाया जात नाही, हे इलोइलोच्या मत्स्य-संशोधन केंद्रात सगळे धरूनच चालत. तिला मानांग, म्हणजे ताई, म्हणून हाक मारणारे निम्मे लोक तिच्या भाच्यांहून लहान होते. व्हिसितासियोन फाउलान हे तिचं बाप्तिस्म्याचं नाव फक्त कराराच्या कागदावर दिसे, आणि तो कागद दर सहा महिन्यांनी नवा होई. एकवीस वर्षं ती अशीच सहा-सहा महिने करत कामावर होती.

त्याआधी ती पिल्लं मोजायची. मिआगाओच्या किनाऱ्यावर बांगुस माशाची पिल्लं जाळ्यात येत. सुईएवढी, काचेसारखी, दोन काळे डोळे सोडले तर पाण्यात काहीच दिसायचं नाही. ती पांढऱ्या घमेल्यात घ्यायची, शिंपल्याने चार-चार, पाच-पाच उचलून दुसऱ्या घमेल्यात सोडायची आणि मोठ्याने, चालीवर आकडे म्हणायचे. शंभर झाले की वाळूवर एक कवडी ठेवायची. बारा वर्षांची असताना एकदा सातशेच्या पुढे कुठेतरी तिची चाल तुटली. व्यापारी उभा, होडी उभी, बाप डोळे वटारून उभा. पोरीने सातही कवड्या उचलल्या, सगळी पिल्लं परत पहिल्या घमेल्यात ओतली आणि रडत रडत "एक"पासून सुरुवात केली. बापाने घरी गेल्यावर कान पिळला. पण पुढच्या भरतीला व्यापाऱ्याने होडीतून उतरताच विचारलं, "मोजायला ती रडकी कुठाय?" तेव्हापासून बिसिंगची मोजणी म्हटली की ती पुन्हा मोजायची तसदी कुणी घेत नसे.

केंद्रात तिचं काम पट्ट्यांचं. बोटाएवढी काच, तिच्यावर सोन्याचा थर, इतका पातळ की उजेडाकडे धरला तर पलीकडचं हिरवट दिसतं. त्या सोन्यावर पिपेटने डीएनएच्या द्रावणाचे थेंब मांडायचे, चार रांगा, रांगेत चार. मग आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ओला टिश्यू घालून पट्टी त्यात झाकून ठेवायची. सकाळपर्यंत डीएनएचे आखूड धागे एका टोकाने सोन्याला चिकटून उभे राहतात. मधल्या उघड्या जागा बुजवायला आणखी एक रसायन लागतं. त्याचा वास सडक्या अंड्यासारखा, आणि तो केसांत दोन दिवस राहतो.

हे सगळं कशासाठी, तर कोळंबीच्या एका विषाणूसाठी. तळ्यात तो शिरला की आठवड्यात तळं रिकामं होतं, आणि कळतं तेव्हा कोळंब्या काठाला येऊन तरंगत असतात. पट्टीवरचा धागा त्या विषाणूच्या धाग्याचा जोडीदार. तळ्याच्या पाण्यात विषाणूचा धागा असला तर तो येऊन जोडीदाराला बिलगतो. पण सुरुवातीला असे धागे असतात किती? मूठभर. तेवढ्याने कॅमेऱ्याला काही दिसत नाही. म्हणून मग पट्टीवर एन्झाइम सोडायचं. हे एन्झाइम जोडी जमलेल्या ठिकाणीच बसतं आणि पट्टीवरचा धागा कुरतडून टाकतं. विषाणूचा धागा मोकळा होतो आणि शेजारच्या धाग्याला बिलगतो. तिथे पुन्हा तेच. एक पाहुणा शेकडो घरं रिकामी करत जातो, आणि कॅमेऱ्यात थेंबाच्या जागी चमकणारा ठिपका हळूहळू विझतो. ठिपका विझला, की तळ्यात रोग.

निदान कागदावर तरी असं होतं. प्रत्यक्षात ठिपके विझत नव्हते. जेझ्रील गेलासान या विद्यार्थ्याने त्यावर दोन वर्षं घालवली होती. त्याचा बाप दुमांगासला दुसऱ्याच्या तळ्याची राखण करायचा, आणि ते तळं या रोगाने दोनदा रिकामं केलं होतं. म्हणून पोरगा या विषयाला चिकटून होता.

ऑक्टोबरात त्याला आठ पट्ट्या हव्या होत्या. परदेशातून आलेली डीएनएची कुपी चार पट्ट्यांतच संपली. नवी कुपी मनिलाच्या कस्टममध्ये अडकली होती. बिसिंगने रिकामी कुपी उजेडाकडे धरली. भिंतीला, झाकणाला ओल दिसत होती. तिने त्यात थोडं ताजं बफर, म्हणजे द्रावण पातळ करायचं खारं पाणी, घातलं, कुपी फिरवली, पिपेटची वापरलेली टोकंही त्यात खळबळून घेतली, आणि त्या पाण्यातून उरलेल्या चार पट्ट्या केल्या. नारळाचं पहिलं दूध काढून झाल्यावर चोथ्यात कोमट पाणी घालून दुसरं काढतात, त्यात विचार कसला करायचा? हातानेच ते केलं. फक्त ओळखू याव्यात म्हणून त्या चार पट्ट्यांच्या मागच्या काचेवर तिने कोपऱ्यात नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला.

चूक तिथे नव्हती. चूक नोंदवहीत झाली. दाटपणाच्या रकान्यात तिने पहिल्या पट्टीसमोर आकडा लिहिला होता, आणि सवयीप्रमाणे तिथून खाली आठव्या ओळीपर्यंत एक उभी रेघ ओढली होती. वरचं तेच खाली. सकाळी दुरुस्त करू, असं तिच्या मनात आलंही होतं.

जेझ्रीलने पट्ट्या वापरल्या त्या दिवशी ती दातांच्या डॉक्टरकडे होती. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा प्रयोगशाळेत कागदी ताटल्यांत पान्सित, म्हणजे परतलेल्या शेवया, वाढलेलं, आणि डॉक प्रिस्का, केंद्राच्या प्रमुख, स्वतः लिंबं कापत होत्या.

"आल्या! या मानांग, आधी तुम्ही घ्या," डॉक म्हणाल्या. "चार पट्ट्यांवर ठिपके विझले. शंभरपट कमी विषाणू होता तरी विझले!"

"कुठल्या चार?" बिसिंगने विचारलं.

"पाच ते आठ. नव्या लॉटचं एन्झाइम वापरलं ना मी," जेझ्रील म्हणाला. "पण हात तुमचा, मानांग. सोन्याला सोन्याचा हात लागला!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बिसिंगने शेवयांची ताटली तशीच टेबलावर ठेवली. पाच ते आठ म्हणजे लाल ठिपक्याच्या. टाळ्या वाजून गेल्यावर कसं सांगायचं?

आठवडा गेला, महिना गेला. परिषदेला टिपण पाठवलं गेलं. आणि मग जेझ्रीलला ते पुन्हा जमेना. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. त्याने एन्झाइमचे तीन लॉट बदलले, मीठ बदललं, तापमान बदललं. बिसिंग पट्ट्या करून देई, कुपीतून आलेल्या दाट द्रावणाच्या, नोंदवहीत लिहिल्यासारख्या, आणि ठिपके तसेच लख्ख राहत.

एकदा तिने आडून सुचवून पाहिलं. धाकट्यांना ती तोतो, म्हणजे बाळा, म्हणायची. "तोतो, डीएनए जरा पातळ करून बघ ना."

"पातळ?" तो हसला. "मानांग, आधीच काही फरक दिसत नाही, त्यात पातळ केलं तर मी बघू काय, तुमचं तोंड? जितके धागे दाट तितका ठिपका ठळक. हे तर पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं."

गुपचूप पुन्हा तशाच चार पट्ट्या करून द्याव्यात, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण मग पाचव्या वेळी काय? आणि ती नसेल तेव्हा? शिवाय नोलीचं काय झालं ते तिने पाहिलं होतं. शेजारच्या खोलीतला नोली रोज फ्रीझरचं तापमान लिहायचा. वादळात दोन दिवस वीज नव्हती, त्या दोन दिवसांतही त्याने उणे ऐंशीच लिहिलं होतं. पुढच्या जूनला त्याचा कागद नवा झाला नाही. तो आता तीनचाकी चालवतो आणि भेटला की हसून म्हणतो, "बसा मानांग, गाडी उणे ऐंशी आहे."

बिसिंगचा कागदही जूनमध्येच संपत होता.

एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी, दुपारी तीनच्या खाण्याला, उकडलेली केळी आणि खारवलेल्या जवळ्याची गिनामोस मध्ये ठेवून दोघं मागच्या ओट्यावर बसले होते. जेझ्रीलने केळ सोललं आणि तसंच हातात धरून ठेवलं.

"त्या चार पट्ट्या प्रबंधातून काढतोय, मानांग. डॉकशी बोललो. परिषदेचं टिपणही मागे घेणार."

"का रे?"

"परत येत नाहीत. जे परत येत नाही ते खरं नसतं. माझाच हात कुठेतरी चुकला असणार."

"आणि मग पुढे काय?"

"पुढे काय! बाबांना कळवलंय, पुढच्या हंगामाला तळ्यावर येतो म्हणून. ते म्हणाले, ये, रात्रपाळीला माणूस हवाच आहे." तो हसला, पण केळ खाली ठेवलं. मग खिशातून घडी केलेला कागद काढला. "इथे तुमची सही लागेल. आठही पट्ट्या एकाच पद्धतीने, एकाच दाटपणाच्या द्रावणातून केल्या, एवढंच लिहिलंय. बनवणाऱ्याची सही असली की पट्टीवर कुणी बोट ठेवणार नाही. तुमच्या नावाला कशाला डाग?"

बिसिंगने पेन घेतलं. कागद गुडघ्यावर ठेवला. मग म्हणाली, "चश्मा घरी राहिला रे."

"डोक्यावर आहे, मानांग."

"हा लांबचा आहे," ती म्हणाली, आणि कागद पिशवीत टाकला. "सोमवारी देते."

शनिवारी तिची धाकटी बहीण लोलिंग खवणीवर बसून नारळ खवत होती. दोघी विधवा, एकाच घरात राहत. फणसाची भाजी होणार होती. लोलिंगने बहिणीच्या केसांजवळ नाक नेलं.

"दिवसभर सोन्याला हात लावतेस, आणि वास अंड्याचा. निदान कानातलं तरी आणायचंस."

"लोलिंग, माझं एक काम बिघडलंय," बिसिंग म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं.

लोलिंग खवणं थांबवून ऐकत राहिली. शेवटी तिला हसू आवरेना. "म्हणजे तू सरकारी प्रयोगशाळेत दुसरं दूध काढलंस! आणि तेच चांगलं निघालं?" मग डोळे पुसून ती गंभीर झाली. "हे बघ, सही कर आणि गप्प बस. नोलीचं विसरलीस? पोरगा तरुण आहे, त्याला शंभर कामं मिळतील. तुला अठ्ठावन्नाव्या वर्षी कोण घेणार?"

"सातशेच्या पुढे चाल तुटली होती ते आठवतं तुला?"

"आठवतं. बाबांनी कान लाल केला होता. पण तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. तुला कामावरून काढणार कोण होतं?"

बिसिंगने खोबरं फडक्यात घेतलं आणि पिळलं. दाट दूध एका वाडग्यात, बाजूला. मग पाणी, मग दुसरं, पातळ दूध. फणस पातळ दुधात चुलीवर चढला. दाट दूध नेहमीसारखं शेवटी पडलं. त्या दिवशी ती कमी जेवली, एवढंच लोलिंगच्या लक्षात आलं.

सोमवारी आठ वाजता ती डॉक प्रिस्काच्या खोलीत गेली. जेझ्रीलला सोबत घेऊनच गेली, कारण एकच गोष्ट दोनदा सांगायचा धीर तिच्यात नव्हता. टेबलावर तिने सही न केलेला कागद ठेवला, नोंदवही ठेवली आणि बिस्किटांच्या डब्यातून काढलेल्या चार जुन्या पट्ट्या पालथ्या मांडल्या.

"हे लाल काय आहे?" डॉकनी विचारलं.

"नेलपॉलिश, मॅम. मीच लावलंय. या चार पट्ट्या वेगळ्या आहेत." आणि तिने उभं राहूनच सगळं सांगितलं. कुपी, ओल, बफर, पिपेटची टोकं. शेवटी नोंदवहीतल्या उभ्या रेघेवर बोट ठेवलं. "ही रेघ खोटी आहे."

इलोइलोकडची माणसं रागावली तरी अंगाई म्हणतायत असं वाटतं; डॉकचा आवाज तसाच मऊ होता, म्हणून तो जास्त लागला.

"सहा महिने, मानांग. या पोराचे सहा महिने."

"हो, मॅम."

जेझ्रील तिच्याकडे पाहत नव्हता. तो पट्ट्यांकडे पाहत होता. "किती बफर घातलं होतं?" त्याने विचारलं.

"अं?"

"कुपीत. किती मायक्रोलिटर?"

"मोजलं नाही, तोतो."

"अंदाजे?"

"दुसऱ्या दुधाला घालतात तेवढं," बिसिंग म्हणाली, आणि ते ऐकून आपणच ओशाळली.

डॉकच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्यांनी तो सरळ केला. "चला. करून दाखवा."

बिसिंग वापरलेल्या कुप्या टाकत नसे, डबाभर होत्या. त्यांतली एक परवाच संपलेली. तिच्या हातात कुपी आली तशी हाताला आपोआप आठवत गेलं. जेझ्रील शेजारी वजनकाटा घेऊन बसला. ती बफर घाली, तो वजन करी. ती कुपी फिरवी, तो घड्याळ बघे. "सावकाश, मानांग. नाही, सावकाश नको, नेहमीसारखं करा!" तयार झालेलं पाणी त्याने यंत्रात मोजलं. मूळ दाटपणाच्या साधारण सातवा हिस्सा.

"एक सप्तमांश," डॉक स्वतःशीच म्हणाल्या. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर काड्या उभ्या केल्या, एकमेकींना खेटून. "हे आपलं जंगल. विषाणूचा धागा बारीक, तो कसाबसा आत शिरतो. पण एन्झाइम त्याच्यापुढे हत्ती. त्याला पाय ठेवायला जागा कुठाय?" मग त्यांनी बोटाने मधल्या काड्या पुसल्या. "आपण दोन वर्षं एन्झाइमला दोष देतोय. जंगल आपणच लावलं होतं."

बिसिंगला शनिवारचा फणस आठवला. सगळं दाट दूध आधीच ओतलं तर ते फुटतं आणि फोडी कच्च्याच राहतात. पण ही वेळ ते बोलायची नव्हती.

"मग आणखी पातळ केलं तर?" जेझ्रीलने विचारलं.

"तिसरं दूध," बिसिंगच्या तोंडून निघून गेलं. "ते नुसतं पाणी असतं, तोतो. त्यात काही शिजत नाही."

"ते पट्टीला विचारू," डॉक म्हणाल्या.

तीन तऱ्हेच्या पट्ट्या झाल्या. या वेळी प्रत्येक ओळीत आकडा वेगळा लिहिला गेला, मोजून. दुसऱ्या दिवशी तिघं पडद्यासमोर बसली. विषाणूचे धागे सोडले, अगदी थोडे, ऑक्टोबरात होते तेवढेच. मग एन्झाइम. दाट पट्टीवरचे ठिपके जसेच्या तसे राहिले. सगळ्यात पातळ पट्टीवर मुळातच इतकं फिकं होतं की विझलं का नाही ते कळेना. मधल्या पट्टीवर विसाव्या मिनिटाला पहिला ठिपका करडा झाला. पंचविसाव्याला दुसरा. ताडून बघायला मुद्दाम मांडलेल्या ज्या ठिपक्यांवरचे धागे या विषाणूचे जोडीदार नव्हते, ते शेवटपर्यंत लख्ख होते, आणि जेझ्रील विझणाऱ्यांकडे न बघता त्यांच्याकडेच पुन्हा पुन्हा बोट दाखवत होता. "हे बघा, हे विझत नाहीत. हे विझत नाहीत!" त्याने उठून खिडकी उघडली, कारण नसताना, आणि परत लावली.

पान्सित या वेळी कुणी मागवलं नाही.

"मानांग, बसा," डॉक म्हणाल्या. "पट्टी चांगली निघाली म्हणून नोंद खरी होत नाही. मला कार्यालयाला कळवावं लागेल."

"कळवा, मॅम."

"कागद नवा होईल की नाही ते माझ्या हातात नाही. मी जे घडलं ते लिहीन. तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत, तेही लिहीन." त्यांनी नोंदवही तिच्यासमोर सरकवली. "आता ही दुरुस्त करा. नियम ठाऊक आहे ना?"

नियम तिनेच पंधरा वर्षं नव्या मुलांना शिकवला होता. चूक गिरवायची नाही, पांढऱ्या शाईने झाकायची नाही. तिच्यावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी खरं, सही आणि तारीख. तिने ऑक्टोबरचं पान काढलं. त्या उभ्या रेघेवर पाचव्या ओळीपासून आठव्यापर्यंत चार आडव्या रेघा मारल्या, आणि प्रत्येकीपुढे लिहिलं: रिकामी कुपी बफरने धुऊन, दाटपणा मोजलेला नाही. चार वेळा सही. चार वेळा तारीख.

जूनच्या अखेरीला कागद आला. सहाऐवजी तीन महिन्यांचा, आणि खाली एक ओळ जास्तीची: यापुढे पट्ट्यांच्या प्रत्येक नोंदीवर दुसऱ्या व्यक्तीची सही असावी. लोलिंगने ती ओळ दोनदा वाचली. "म्हणजे तुझी मोजणी आता दुसरा कुणीतरी मोजणार," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

"मोजू दे," बिसिंग म्हणाली. पण त्या आठवड्यात ती बाजारात नोलीची तीनचाकी दिसली की रस्ता ओलांडून पलीकडून जाई.

जेझ्रील तळ्यावर गेला नाही. टिपण मागे घेतलं गेलं, आणि दोन महिन्यांनी नवं पाठवलं गेलं, सप्तमांशाच्या आकड्यासकट. बिसिंगशी तो काही दिवस कामापुरतंच बोलला. मग एके दिवशी तीनच्या खाण्याला आपणहून केळी घेऊन आला आणि गिनामोसची वाटी तिच्याकडे सरकवून बसला.

दुसरी सही त्याचीच ठरली होती. त्या दुपारी नव्या पट्ट्यांचं पान भरून झालं. सोळा ओळी, सोळा आकडे, एकही उभी रेघ नाही. बिसिंगने सही केली आणि वही त्याच्याकडे केली. त्याने पेन टेकवलं.

"थांब," ती म्हणाली. "बघितलंस का?"

"तुम्ही लिहिलंय ना, मानांग. त्यात काय बघायचं?"

बिसिंगने त्याच्या हातातून पेन काढून घेतलं, डोक्यावरचा चश्मा डोळ्यांवर ओढला आणि आइस्क्रीमचा डबा उघडून त्याच्यापुढे ठेवला.

"पहिल्यापासून," ती म्हणाली. "मोठ्याने. मी ऐकते."

जेझ्रीलने पहिली पट्टी उजेडाकडे धरली आणि वहीतला तिच्यासमोरचा आकडा मोठ्याने वाचला.